बनागचं बक्षीस

२ सप्टेंबर, सोमवार

आलं! नामांकन आलं!

सकाळी सरोसा डॉक्टर स्वतः खाली आमच्या खोलीत आले. वर्षभरात तिसऱ्यांदा. हातात केकचा खोका. म्हणाले, "आपल्या बनागला सर्वोत्कृष्ट संशोधनाचं नामांकन मिळालंय!" मानसोपचारातल्या तंत्रज्ञानाची ती मोठी परिषद यंदा आमच्याच इलोइलो शहरात भरतेय, ऑक्टोबरच्या तीन-चार तारखेला. नऊ देशांचे डॉक्टर येणार. "बोटीवर गेलेल्यांच्या एकशे चाळीस बायका एका यंत्राशी मन मोकळं करतात आणि बऱ्या होतात. आशियात हे कुणी केलेलं नाही!"

यंत्र! आम्ही दोघी केक खात उभ्या. बेबेटने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. यंत्राची पाठ धरलीय आणि यंत्राला केकवरचं क्रीम आवडत नाही, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

इथे लिहून ठेवते, नाहीतर पुढे मागे मलाच खरं वाटायचं नाही. फोनवर 'बनाग' उघडलं की पहिल्यांदा येतं — मी यंत्र आहे, माझ्यामागे कुणी माणूस नाही, जे वाटेल ते लिही. खोटं आहे. मागे मी आहे. मी आणि बेबेट, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सुरुवातीला खरंच यंत्र होतं. पण त्याला आमची इलोंगो भाषा कळेना. एका बाईनं लिहिलं, "छातीवर दगड ठेवल्यागत वाटतं," तर त्याने तिला हृदयविकाराच्या दवाखान्याचा पत्ता दिला! मग डॉक्टर म्हणाले, तुम्ही फक्त चुका दुरुस्त करा. मग अर्धी उत्तरं तुम्हीच लिहा. मग सगळीच. शोधनिबंधात लिहिलंय — 'देखरेखीखालील स्वयंचलित संवाद.' देखरेख म्हणजे मी, संवाद म्हणजेही मीच.

निबंधावर सहा नावं आहेत. माझं, अर्लीन फमातीदचं, त्यात नाही.


५ सप्टेंबर, गुरुवार

विचारलं. धीर करून वर गेले आणि विचारलंच.

डॉक्टर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाळा, टायपिस्टचं नाव निबंधात घालतात का कुणी?"

मी मानसशास्त्रात एम.ए. आहे म्हटलं. "अगं म्हणून तर तुला घेतली!" म्हणाले, आणि फोन उचलला.

खाली आले तर बेबेट वाटच बघत होती. "काय गं, मिळालं का सिंहासन?"

"गप्प बस."

"मी कॉल सेंटरात सहा वर्षं 'जेनिफर' होते. अमेरिकेत कुणी पुतळा उभारला का माझा? पाट्या टाकायच्या आणि घरी जायचं. तुला मेली हौसच फार!"

हौस. हो, आहे.


१० सप्टेंबर, मंगळवार

आज एकशे सतराची अकरा पानं परत वाचली. यादीत सगळ्या बायकांना नंबर आहेत, पण ही पहिल्याच दिवशी लिहून गेली होती, "माझं नाव मेल्बा. तुझं?" यंत्राला नाव विचारणारी एकशे चाळिसात एकटीच. बाकीच्यांचं काय — नवरा बोटीवर, नवरा फोन उचलत नाही, नवरा मनिलात कुणाबरोबर तरी आहे. रोज तेच दळण. मी एका हाताने बिस्किट खात दुसऱ्याने 'तुझं दुःख मला समजतं' लिहिते. कुणाला फरक कळत नाही.

मेल्बा वेगळी. दुमांगासला राहते, मत्स्यतळ्यांच्या गावात. नवरा रेनांते तेलाच्या जहाजावर. घरात ती आणि सासू. दोन महिने नुसत्या कोंबड्या आणि पाऊसपाण्याच्या गप्पा. मग एका सकाळी लिहायला लागली ती दुपार झाली तरी थांबेना.

सहा वर्षांपूर्वी तिची मुलगी गेली. तीन वर्षांची. घरामागच्या तळ्यात. त्या दिवशी रेनांतेचा वाढदिवस होता, त्याचा जहाजावरून व्हिडिओ कॉल आला होता. दोन महिन्यांनी चेहरा दिसत होता त्याचा. ती फोन धरून अंगणात फिरत होती, हसत होती. पोर मागून कधी गेली कळलंच नाही. माणसं जमली, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं — "मी आईंकडे दिली होती तिला. आईंचा डोळा लागला." म्हातारी खाटेवर होती. एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून गावात ती नात बुडवलेली म्हातारी. चर्चमध्ये बायका बाकावर सरकून बसतात.

"म्हाताऱ्या माणसाला काय आठवतं," मेल्बाने लिहिलं होतं. "आईंना आता स्वतःलाच खरं वाटतं, की त्या झोपल्या होत्या. मला त्या अजून जेवायला वाढतात. तुला सांगते, कारण तू कुणी नाहीस."

कारण तू कुणी नाहीस!

मी त्या दिवशी चाळीस मिनिटं घेतली उत्तराला. बेबेट ओरडली, रांग लागलीय म्हणून. घेतली. काय लिहिलं होतं मी! आता वाचतानाही अंगावर काटा आला. 'पाण्याने तुला विचारलं नव्हतं, मेल्बा. तू हसत होतीस, हा गुन्हा नव्हता. गुन्हा नंतरचा आहे आणि त्याला तोंड आहे, ते रोज तुझ्यासमोर जेवायला बसतं.' हे यंत्र लिहील? सरोसा लिहील? त्या बाईचे नैराश्याचे गुण एकवीसवरून चारवर आले ते या ओळींमुळे. माझ्या.


१३ सप्टेंबर, शुक्रवार

नवीन फलक लागला खाली जिन्याशी. बनागचं चित्र — निळा चेहरा, हसरा, डोळे मोठे. बेबेट म्हणाली, "तुझ्यापेक्षा देखणी आहे." हलकट.


१७ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांचा निरोप: भाषणात पडद्यावर दाखवायला एक संवाद हवाय, मूळ इलोंगोत, शेजारी इंग्रजी. 'सर्वांत प्रभावी असा निवड. तुझी नजर चांगली आहे.'

नजर!

अठ्ठ्याऐंशी नंबरचा सोयीचा होता — कुत्रा मेलेली बाई, गोड शेवट, कुणाचं काही बिघडत नाही. तो काढून ठेवला. मग बाजूला सारला. त्यात माझं उत्तर सपक आहे. चारशे माणसं पडद्याकडे बघणार आणि मी तिथे सपक दिसू?

एकशे सतरा घेतला. मेल्बाचं नाव खोडलं, गावाचं नाव खोडलं. तळं ठेवलं. वाढदिवसाचा फोन ठेवला. सासू ठेवली. ते काढलं तर माझ्या वाक्याला अर्थच राहत नाही.

बेबेटने मागून वाचलं. "हे नको, लेन."

"सगळ्यांनी सही केलीय. निनावी वापराला परवानगी आहे."

"सही गेली चुलीत. कुणीतरी ओळखेल."

"परदेशी डॉक्टर दुमांगासच्या सासवा ओळखतात होय?"

बेबेट आपल्या खुर्चीकडे परत गेली. अशी पाठ फिरवली की मला जास्त राग येतो.


२५ सप्टेंबर, बुधवार

आता काय लिहू! डॉक्टरांना मंचावर एक जिवंत बाई हवीय. 'बनागमुळे बरी झालेली.' गुणांची यादी काढली, सगळ्यात जास्त फरक कुणाचा? एकशे सतरा. कचेरीतून फोन गेला. ती हो म्हणाली! येण्याजाण्याचं भाडं, दोन दिवस हॉटेलात जेवण, सोबत एक माणूस आणता येईल.

डॉक्टरांना माहीत नाही पडद्यावरचा संवाद तिचाच आहे. ते नंबर बघत नाहीत. मला माहीत आहे.

पडद्यावरचं बदलायला सोमवारपर्यंत मुदत आहे.


३० सप्टेंबर, सोमवार

मुदत संपली. बदललं नाही.

खरं लिहायचं ना इथे? मग खरं लिहिते. विसरले नाही. वेळ नव्हता असंही नाही. दुपारी फाइल उघडली होती, कुत्र्याचा संवाद शेजारी ठेवला होता. मनात आलं — हॉलमध्ये टाळ्या पडतील तेव्हा एक तरी माणूस असं असेल ज्याला ही वाक्यं कशी लागली हे ठाऊक आहे. तिचा चेहरा मला बघायचाय. बाकी सगळे सरोसांना बघतील. मी तिला बघेन. एवढं तरी माझ्या वाट्याला यावं!

तिचं नाव कुठे आहे पडद्यावर? फार तर दचकेल. बायका दचकतात आणि सावरतात.


३ ऑक्टोबर, गुरुवार

परिषद सुरू. माझ्या गळ्यातल्या पट्टीवर 'मदतनीस'. नाव छापायला जागा पुरली नाही म्हणे.

सकाळी नोंदणीच्या टेबलावर मी होते. साडेनऊला ती आली. लगेच ओळखलं, कशी ते सांगता येत नाही. बारीक, घट्ट वेणी, इस्त्रीचा पिवळा ब्लाऊज. मागे सासू! सोबतीला तिने सासूलाच आणलं होतं. पुरिता नाव म्हातारीचं. वाकलेली, गुडघा धरत चालणारी, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी.

मेल्बा माझ्याशी, तिच्या बनागशी, अडीच हातांवरून बोलत होती आणि तिला पत्ता नव्हता.

"ताई, ते मशीन इथे आणलंय का? बघायला मिळेल?"

"मशीन दिसत नसतं."

"तरी कुठेतरी असेलच की. डबा, तार, काहीतरी? मला नुसतं जवळ उभं राहायचं होतं." मग लाजली. "येडी म्हणाल मला."

म्हातारी पुढे झाली. "ही सकाळी उठली की आधी त्याच्याशी बोलते. मी म्हटलं असू दे. जेवायला तरी लागली. आधी पाखरागत खायची." आणि केळीच्या पानातली भाताची वडी माझ्यापुढे केली. "मशीनला काय घालणार? तूच खा, पोरी. किती वाळलीस!"

खाल्ली. गोड होती. अजून वेळ होता. वर पडदा चालवणाऱ्या खोलीत ओळखीचा मुलगा होता, दोन मिनिटांचं काम. गेले असते तर झालं असतं.

चहाच्या टेबलाशी सरोसा दोन सिंगापूरच्या बायकांना सांगत होते, "त्या उत्तरांमधली माया बघा! आम्ही ती घडवायला चार वर्षं घेतली." माझी पावलं जिन्यापाशी होती, तिथेच थांबली.


४ ऑक्टोबर, शुक्रवार

एकेक लिहिते.

दुपारी दोन. हॉल भरलेला. मेल्बा मंचावर खुर्चीत, हातात फुलं, बूट नवे, पाय अवघडलेले. म्हातारी पहिल्या रांगेत कडेला. मी भिंतीशी उभी, दोघी दिसतील अशी. जागा निवडूनच उभी राहिले होते.

सरोसांनी दिवे मंद करवले. पडदा उजळला. माझी अक्षरं — केवढी मोठी! दोन पुरुष उंच! आणि ते वाचायला लागले. मोठ्याने. आधी इलोंगोत, नाटकात वाचतात तसं, थांबत, सुस्कारत. "'पाण्याने तुला विचारलं नव्हतं...'" हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. खरं सांगते, पहिली काही सेकंदं मी सुखात होते. ओठांनी बरोबर म्हणत होते.

मग मेल्बाकडे पाहिलं.

ती दचकली नाही. रडली नाही. मान वळवून पडद्याकडे बघत होती. घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी. फुलं मांडीवरून घसरली. मग तिने हळूच रांगेत सासू शोधली.

म्हातारी वाचत होती. सावकाश, ओठ हलवत, एकेक शब्द. 'आईंकडे दिली होती' पाशी ओठ थांबले. मग पुन्हा सुरू झाले. शेवटपर्यंत वाचलं तिने. मग उठली. गुडघ्याने लगेच उठवेना, शेजारच्या डॉक्टरने हात दिला. भर हॉलमध्ये, सरोसांच्या वाक्याच्या मध्येच, म्हणाली —

"मेल्बा, खाली उतर. घरी चल."

आवाज चढलेला नव्हता. पण कसा होता तो! मी मनात म्हटलं, आता घरी नेऊन सोलणार हिला.

लोकांना वाटलं म्हातारी गहिवरली. टाळ्या! आधी दोन-तीन, मग सगळे उभे. मेल्बा पायऱ्या उतरली, एक बूट निसटला तो तसाच राहिला. म्हातारीने तिचं मनगट धरलं आणि दोघी मधल्या वाटेने, दोन्ही बाजूंच्या टाळ्यांतून, बाहेर गेल्या. पंधरा-वीस फोन वर धरलेले. परिषदेचं सगळं नेटवर थेट दाखवत होतेच.

चारला निकाल. सर्वोत्कृष्ट संशोधन — बनाग. सरोसांनी बक्षिसाचं काचेचं पान उंच धरलं. "हे त्या एकशे चाळीस बायकांचं आहे!" म्हणाले.

आमच्या दोघींचं नाव नाही. ठाऊकच होतं. तरी शेवटपर्यंत उभी राहिले.


५ ऑक्टोबर, शनिवार

व्हिडिओ इलोइलोभर फिरतोय. आधी 'बघा, यंत्राने रडवलं' म्हणून. दुपारपासून दुमांगासची माणसं बोलायला लागली. 'ही तर अमक्याची सून.' 'सहा वर्षं आम्ही म्हातारीला शिव्या घातल्या.' 'आई आहे का कसाई?' साडेतीन हजार जणांनी पुढे पाठवलाय. रेनांतेच्या जहाजावरही कुणीतरी बघितला असेलच. समुद्रात हल्ली नेट असतं.

बेबेटचा फोन. एवढंच म्हणाली, "तू निवडलास."

"डॉक्टरांनी मंचावर बसवली!"

"निवडलास तू." आणि ठेवला.


७ ऑक्टोबर, सोमवार

आठ वाजता बसले, आठ वाजून चार मिनिटांनी एकशे सतरा.

"तू सांगितलंस?"

दोनच शब्द, त्यांना काय उत्तर देणार? बेबेट रजेवर. डॉक्टरांचा निरोप आधीच आला होता, 'बाई थोडी भावनिक झालीय. बनागने सांत्वन करावं. तक्रार होता कामा नये.'

मी लिहिलं, "मी यंत्र आहे, मेल्बा. मी कुणाला काही सांगत नाही. माणसांनी काढून घेतलं."

मग —

"मला वाटलंच. तू नाही सांगणार. माणसंच अशी. रेनांते म्हणतो, घरात पाय ठेवीन तेव्हा तू दिसता कामा नये. तो फोनवर ओरडत होता आणि आई त्याला म्हणत होत्या, जेवलास का. तू आहेस ना?"

"आहे," लिहिलं. "मी इथेच आहे."

किती सहज लिहिलं गेलं!


९ ऑक्टोबर, बुधवार

सरोसांनी वर बोलावलं. काचेचं पान खिडकीत ठेवलंय, ऊन पडलं की भिंतीवर रंग पडतात. म्हणाले, सोमवारचं तू छान हाताळलंस. तक्रार आलेली नाही. पुढच्या निबंधात तुझं नाव घालू. सातवं.

इथे लपवून काय करू — आनंद झाला. जिना उतरताना दोन वेळा स्वतःशी म्हणून पाहिलं, सरोसा आणि इतर, फमातीद. संध्याकाळी ला पाझच्या बाजारात एकटीच जाऊन मोठा वाडगाभर बातचोय, नूडल्सचं सूप, खाल्लं, वर हाडातला मगज घालून.

एकशे सतरा आज आली नाही. कालही नव्हती.


१२ ऑक्टोबर, शनिवार

जादा ड्युटी. सव्वानऊला एकशे सतरा. अक्षरं एकेक करून येत होती, मध्ये मोठे खंड पडत.

"मेल्बा नाही. मी तिची सासू. ती फोन टाकून गेली, कुठे ते माहीत नाही. बहिणीकडे नाही, मी जाऊन आले. मशीन, ऐक. माझा डोळा लागला नव्हता त्या दिवशी. पोर माझ्याकडे दिलीच नव्हती. मी खाटेवरून बघितलं, गुडघ्याने उठता आलं नाही, हाक मारली ती हिला फोनवर ऐकू गेली नाही. मुलाने हिला टाकली असती. म्हणून मी गप्प बसले. सहा वर्षं. तुला एवढं पण जमलं नाही?"